बटण दाबल्यावर पहिल्यांदाच चक्र का फिरतं? लेझी लोडिंग आणि प्रीलोडिंग, सोप्या भाषेत

खरिपाचा माल यायला लागला की लातूर, उदगीर, हिंगोली, जालना अशा कोणत्याही मोंढ्यात सोयाबीनचा भाव आधी मोबाइलवर बघितला जातो. भाव, आवक, हिशोब दाखवणारी वेब ॲप आता अडत्यांकडेही आहेत आणि शेतकऱ्यांच्या खिशातही. ती वापरताना एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येते, कारण मात्र कळत नाही. भावाचं पान झटकन उघडतं. पण त्यावरचं 'हिशोबपट्टी' किंवा 'महिन्याचा आलेख' हे बटण दाबलं की मधेच एक चक्र फिरत बसतं. मागे येऊन तेच बटण पुन्हा दाबलं, तर पान क्षणात समोर. फोन तोच, नेटवर्क तेच. मग पहिल्या वेळी अडलं कशात?

'नेट स्लो आहे' हे उत्तर अर्धवट आहे. ते पान ॲप बनवणाऱ्याने मुद्दामच मागे ठेवलेलं असतं, आणि तसं ठेवणं बरोबरही असतं. चुकते ती ते मागवण्याची वेळ.

## पान मागे ठेवायचं तरी कशाला?

वेब ॲप म्हणजे मुख्यतः जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेल्या फाइल्स. ब्राउझर त्या उतरवून घेतो, वाचतो, फोनला समजेल अशा रूपात बदलतो आणि मग चालवतो. २०० केबीचा फोटो आणि २०० केबीची जावास्क्रिप्ट यांना नेटवर सारखाच वेळ लागतो, पण फोटो आला की काम जवळपास संपतं आणि जावास्क्रिप्टचं तिथून सुरू होतं. आठ-दहा हजारांच्या फोनवर हे काम डेव्हलपरच्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी पट हळू होतं. ते चालू असताना स्क्रीन बोटाला दाद देत नाही.

समजा, एका अडत दुकानाचं ॲप आहे. त्यात चार पानं: आजचे भाव, हिशोबपट्टी, आलेख आणि खातं. भावाच्या पानाला दाबून लहान केलेला ९० केबी कोड पुरतो. हिशोबपट्टी मात्र वजन, भाव, हमाली, तोलाई यांचा हिशोब करून त्याची पीडीएफ बनवते. पीडीएफ बनवणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, जड असते, म्हणून ते पान २४० केबीचं. आलेखाचं १२० केबी. सगळं एकाच फाइलीत बांधलं, तर नुसता भाव बघायला आलेल्या माणसालाही साडेचारशे केबी आणि वर खात्याचं पान उतरवावं लागतं.

म्हणून ॲपचे तुकडे पाडतात. पडद्यावरचा एक स्वतंत्र भाग म्हणजे घटक, म्हणजेच कम्पोनंट. तो लागेल तेव्हाच मागवायचा, याला लेझी लोडिंग म्हणतात. तुकडा मागवणारा 'इम्पोर्ट' कॉल २०२० सालच्या जावास्क्रिप्ट मानकात अधिकृत झाला. रिअ‍ॅक्टमध्ये (ही वेब ॲप बनवण्याची लायब्ररी) 'लेझी' आणि तुकडा येईपर्यंत चक्र दाखवणारं 'सस्पेन्स' ही जोडी २०१८ मध्ये १६.६ आवृत्तीत आली. अँग्युलर आणि व्ह्यू या तशाच दुसऱ्या साधनांत त्यासाठी आपापल्या सोयी आहेत.

## मग गोम कुठे आहे?

बटण दाबल्यानंतर काय घडतं ते क्रमाने बघा. ब्राउझर सर्व्हरकडे तुकडा मागतो. तुकडा उतरतो. तो वाचून चालवला जातो. चालू झाल्यावर त्या घटकाला कळतं की आपल्याला पट्टीची माहिती हवी आहे. मग तो सर्व्हरकडे दुसरी मागणी पाठवतो. ती माहिती आली की पट्टी दिसते. एकामागे एक दोन फेऱ्या, आणि दोन्ही माणूस बटण दाबून ताटकळत असताना.

आकड्यांत सांगायचं तर (नेटचा वेग बिटांत मोजतात, फाइल बाइटांत, आणि आठ बिटांचा एक बाइट) २ एमबीपीएसचा वेग मिळत असेल, तर २४० केबीला जवळपास एक सेकंद लागतो. दिवसाचा डेटा पॅक संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला ८ केबी. तोच तुकडा तेव्हा तीस सेकंद घेतो. तीस सेकंद चक्र बघत बसणारा माणूस क्वचितच. तो बटण पुन्हा पुन्हा दाबतो, मागे जातो, शेवटी अडत्याला फोन लावतो.

दुसऱ्या वेळी पान लगेच उघडतं, कारण तुकडा तोवर फोनमध्ये आलेला असतो. हा आयता वेग पहिल्याच वेळी मिळवून देणं म्हणजे प्रीलोडिंग: माणूस बटण दाबणार असं दिसलं की, किंवा फोन रिकामा आहे असं दिसलं की, तुकडा आधीच मागवून ठेवायचा.

लग्नाच्या पंगतीत चांगला वाढपी हेच करतो. तो पहिल्याच घासाला भात, वरण, बुंदी, मठ्ठा सगळं ताटात ओतत नाही, आणि कुणी वरण मागितल्यावर भटारखान्याकडे पळतही नाही. पोळी संपत आली हे बघून तो वरणाची बादली घेऊन ओळीच्या टोकाला येऊन थांबलेला असतो.

## आधीच आणायचं होतं, तर वेगळं काढलं कशाला?

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. शेवटी सगळे तुकडे फोनवर येणारच असतील, तर एकच फाइल काय वाईट होती?

फरक वेळेचा आहे. एकच फाइल असेल, तर पहिला भाव दिसण्याआधी सगळ्या कोडचा भार सोसावा लागतो. तुकडे केले, तर भाव ९० केबीत दिसतो आणि उरलेलं माणूस भाव वाचत असताना मागच्या मागे येतं. भाव वाचायला पाच-दहा सेकंद जातातच. तेवढ्यात फोन आणि नेटवर्क दोन्ही मोकळे असतात. शिवाय खात्याचं पान महिन्यातून एकदा उघडत असेल, तर ते आधी आणायची गरजच नाही. कोणता तुकडा आधी आणायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे ठरवायची मुभा तुकडे पाडल्यावरच मिळते.

आणखी एक फायदा मला वेगापेक्षाही मोठा वाटतो. मोंढ्यात चार दांड्या नेटवर्क असतं, गावच्या वाटेवर एक आणि शेतात कधी तीही नाही. मोंढ्यात असतानाच पट्टीच्या पानाचा कोड उतरलेला असेल, तर पुढे कमकुवत नेटवर्कवर फक्त दोन-तीन केबीची माहिती यायची राहते. तेवढी येते. २४० केबी मात्र मधेच तुटतात.

## कोणत्या क्षणी मागवायचं?

सगळी कसोटी इथे आहे. लवकर मागवलं, तर पहिल्याच पानाच्या वाटेत गर्दी होते. उशिरा मागवलं, तर उपयोग नाही.

माउस बटणावर आला की मागवायचं, ही लोकप्रिय पद्धत. संगणकावर ती छान चालते, कारण माउस टेकणं आणि क्लिक होणं यात दोन-तीनशे मिलिसेकंद सहज जातात. पण आपल्याकडे बहुतेक माणसं फोनवर आहेत आणि फोनवर माउस तरंगत नसतो. तिथे बोट टेकल्याची घटना पकडावी लागते. बोट टेकणं आणि उचलणं यात साधारण शंभर मिलिसेकंद मिळतात. छोट्या तुकड्याला ते पुरतात, २४० केबीला नाही. फोनवर नुसत्या याच उपायावर भिस्त ठेवू नका.

दुसरी पद्धत म्हणजे बटण किंवा लिंक पडद्यावर दिसू लागली की मागवणं. ब्राउझरमधला 'इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर' हे काम करतो. नेक्स्ट.जेएस या साधनातली लिंक मुळातच असं वागते, पण फक्त अंतिम बिल्डमध्ये, म्हणजे ग्राहकांसाठी बांधलेल्या तयार ॲपमध्ये; विकासाच्या वेळी ते दिसत नाही, म्हणून अनेकांना ती बिघडल्यासारखी वाटते. पन्नास गावांची यादी एकदम पडद्यावर येणार असेल, तर ही पद्धत बंद करा, नाहीतर पन्नास मागण्या एका दमात सुटतात.

तिसरी पद्धत फोन मोकळा होण्याची वाट बघते. 'रिक्वेस्ट आयडल कॉलबॅक' नावाची सोय ब्राउझरला निवांतपणा मिळाला की आपलं काम चालवते. सफारीत ती बराच काळ नव्हती, त्यामुळे ती आहे का ते तपासून, नसेल तर पान उघडल्यावर दोन सेकंदांचा साधा टायमर लावायचा. अडतीच्या ॲपसाठी मी हीच पद्धत धरेन: भाव दिसले, फोन मोकळा झाला की फक्त हिशोबपट्टीचा तुकडा. आलेख बोट टेकल्यावर. खातं अजिबात नाही. वापराच्या नोंदी असतील, तर भावाच्या पानावरून माणसं पुढे कुठे जातात ते बघून हा क्रम ठरवा.

अँग्युलरमध्ये 'प्रीलोड ऑल मॉड्यूल्स' ही तयार सोय आहे. नाव सांगतं तसं ती सगळंच आणते. छोट्या ॲपला ते चालतं. मोठ्या ॲपमध्ये प्रत्येक मार्गावर खूण ठेवून तेवढेच तुकडे आणणारी स्वतःची पद्धत लिहावी. व्ह्यूच्या 'सीएलआय' या साधनाने बनवलेल्या जुन्या प्रकल्पांत तर सगळ्या तुकड्यांसाठी आधी-आणा अशी सूचना आपोआप घातली जाते. ती सेटिंगमधून बंद करता येते आणि फोनवरच्या ग्राहकांसाठी करावीच.

## प्रत्यक्ष लिहायचं कसं?

रिअ‍ॅक्टमध्ये एकच छोटी शिस्त पाळावी लागते. तुकडा मागवणारा इम्पोर्ट कॉल थेट लेझीच्या कंसात न लिहिता, तो एका वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवा आणि ते फंक्शन लेझीला द्या. आता तेच फंक्शन बटणावर बोट टेकल्यावरही बोलावता येतं आणि टायमरमधूनही. ते कितीही वेळा बोलावलं, तरी उतरलेला तुकडा पुन्हा उतरत नाही.

लेझीची ही ओळ फाइलच्या वरच्या पातळीवर हवी. ती घटकाच्या आत लिहिली, तर प्रत्येक वेळी पडदा रंगवताना नवा घटक तयार होतो आणि फॉर्ममध्ये टाकलेलं वजन, भाव सगळं पुसलं जातं. लेझीला त्या फाइलचा 'डीफॉल्ट एक्स्पोर्ट', म्हणजे फाइलने मुख्य म्हणून बाहेर दिलेला घटक, लागतो, हेही ध्यानात ठेवा.

बोट टेकल्यावर कोडसोबत माहितीही मागवायला सुरुवात करा; दोन फेऱ्या एकमेकींमागे न जाता सोबत जातील. पण माहिती फार आधी आणून ठेवू नका. कोड दहा मिनिटं शिळा असला तरी काही बिघडत नाही. सौदा निघाल्यावरचा भाव दहा मिनिटं शिळा असला, तर शेतकऱ्याचं नुकसान होऊ शकतं.

आधी मागवलेला तुकडा नेटवर्कमुळे आलाच नाही, तर ती चूक तिथल्या तिथे झेलून गप्प बसा. माणसाने अजून काही मागितलेलंच नाही. बटण दाबल्यानंतरचं अपयश मात्र स्पष्ट मराठीत दाखवा. लेझी एकदा अपयशी ठरलं की ते अपयश धरून ठेवतं, म्हणून 'पुन्हा प्रयत्न करा' या बटणाने नुसता तोच घटक परत रंगवून भागत नाही. पान नव्याने उघडावं लागतं किंवा नवा लेझी घटक बनवावा लागतो.

## प्रीलोड, प्रीफेच, मॉड्यूलप्रीलोड: नावं सारखी, कामं वेगळी

एचटीएमएलमध्ये ब्राउझरला सूचना देण्याचे हे तीन प्रकार आहेत आणि गोंधळ इथेच जास्त होतो.

'प्रीलोड' म्हणजे याच पानाला आत्ता लागणारी वस्तू, वरच्या प्राधान्याने आणा. पुढे कधीतरी लागेल अशा तुकड्याला हे लावलं, तर तो भावाच्या पानाशीच स्पर्धा करतो. आणलेली वस्तू पान उघडल्यावर काही सेकंदांत वापरली नाही, तर क्रोम कन्सोलमध्ये (डेव्हलपरला चुका दिसतात त्या खिडकीत) तसा इशारा देतो. तो आला की समजा, शब्द चुकीचा निवडलाय.

'प्रीफेच' म्हणजे पुढे लागण्याची शक्यता आहे, सवडीने आणा. प्राधान्य सगळ्यांत खालचं. वस्तू येऊन ब्राउझरच्या साठ्यात पडून राहते, चालवली जात नाही. आयफोनवर ही सूचना पाळली जाईलच असं गृहीत धरू नका.

'मॉड्यूलप्रीलोड' तुकडा आणतो, वाचून तयारही ठेवतो, पण चालवत नाही. व्हीट हे बिल्ड साधन सुरुवातीच्या फाइलींसाठी ते आपोआप घालतं.

चौथा मार्ग वर सांगितलेला, इम्पोर्ट फंक्शन आधीच बोलावण्याचा. त्यात तुकडा चालवलाही जातो. फाइलच्या वरच्या पातळीवर टायमर किंवा सर्व्हरशी जोडणी सुरू करणारा कोड असेल, तर पान उघडण्याआधीच तो सुरू होईल. असा कोड घटकाच्या आत हलवा. वेबपॅक या दुसऱ्या बिल्ड साधनात इम्पोर्टच्या कंसात एक खास टिप्पणी लिहून प्रीफेच मागता येतं. ही सोय ४.६ आवृत्तीपासून आहे.

जाता जाता फॉन्टबद्दल. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्ट रोमनपेक्षा जड असतात, आणि ते प्रीलोड करणं बहुधा योग्यच. पण त्या सूचनेत 'क्रॉसओरिजिन' हा गुणधर्म विसरला, तर तोच फॉन्ट दोनदा उतरतो.

## लोकांचा डेटा फुकट जाणार नाही का?

जाऊ शकतो, आणि हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दीड जीबीचा दैनिक पॅक घरातली तीन माणसं वापरतात तिथे प्रत्येक एमबीला किंमत आहे.

क्रोम आणि त्याच्या जातकुळीतल्या ब्राउझरांत जोडणीची माहिती मिळते. माणसाने डेटा वाचवा ही सोय चालू केली असेल, तर 'सेव्ह डेटा' खरं येतं. तेव्हा काहीही आधी आणू नका. जोडणीचा प्रकारही कळतो, पण तिथला '४जी' हा शब्द टॉवरबद्दल बोलत नाही. तो मोजलेल्या प्रतिसादावरून आणि वेगावरून ठरतो. टॉवर ४जीचा असूनही गर्दीमुळे फोन '३जी' किंवा '२जी' सांगू शकतो, आणि आपल्याला तेच हवं असतं. '२जी' किंवा त्याखालचं उत्तर आलं, तर प्रीलोडिंग थांबवा. फायरफॉक्स आणि सफारीत ही माहिती मिळत नाही; तिथे फक्त बोट टेकल्यावर मागवणं हा सभ्य मार्ग.

## नवी आवृत्ती चढवली की जुनं पान का फुटतं?

तुकड्यांच्या ॲपमध्ये सगळ्यांत जास्त तक्रारी याच्या येतात. बिल्ड करताना प्रत्येक तुकड्याच्या नावात त्याच्या मजकुरावरून काढलेली एक खूण जोडली जाते. कोड बदलला की खूण बदलते, नाव बदलतं. आता अडत्याने सकाळी नऊला ॲप उघडून ठेवलंय. बारा वाजता तुम्ही नवी आवृत्ती चढवली आणि जुन्या फाइली पुसल्या. एक वाजता तो पट्टीचं बटण दाबतो. त्याच्या फोनमधलं जुनं पान जुन्या नावाचा तुकडा मागतं, जो सर्व्हरवर उरलेलाच नाही. ऐन मापाच्या वेळी कोरी स्क्रीन.

बऱ्याच सर्व्हरांवर आणखी एक खोडी असते. फाइल सापडली नाही की ते ४०४, म्हणजे 'सापडलं नाही' हे उत्तर, न देता ॲपचं मुख्य पानच पाठवतात. ब्राउझर जावास्क्रिप्टच्या जागी एचटीएमएल आलं म्हणून चिडतो आणि कन्सोलमध्ये 'माइम टाइप'ची, म्हणजे फाइलच्या प्रकाराची, चूक दिसते. ती दिसली की कोडमध्ये शोधत बसू नका, सर्व्हरची सेटिंग बघा.

उपाय असे. जुने तुकडे लगेच पुसू नका, निदान आठ-पंधरा दिवस राहू द्या. जागा नगण्य लागते. मुख्य एचटीएमएल पानाला 'नो-कॅश' द्या, म्हणजे ते प्रत्येक वेळी ताजं आहे का हे विचारलं जाईल. खूण असलेल्या तुकड्यांना एक वर्षाची, म्हणजे ३,१५,३६,००० सेकंदांची मुदत आणि 'इम्युटेबल' (ही फाइल बदलणार नाही) ही सूचना द्या. तुकड्यांच्या फोल्डरमध्ये नसलेली फाइल मागितली, तर खरंच ४०४ जाऊ द्या. ॲपमध्ये तुकडा न मिळाल्याची चूक पकडून पान एकदाच नव्याने उघडा. एकदाच, म्हणून 'सेशन स्टोरेज'मध्ये (टॅब बंद होईपर्यंत टिकणाऱ्या साठ्यात) खूण ठेवा, नाहीतर पान स्वतःलाच उघडत राहील. व्हीटमध्ये या चुकीसाठी 'व्हीट प्रीलोड एरर' ही घटना मिळते. आणि माणूस वीस कट्ट्यांची वजनं भरत असेल, तर न विचारता पान उघडू नका. आधी भरलेलं साठवा.

प्रीलोडिंगमुळे ही अडचण कमी होते, कारण तुकडा सकाळीच फोनवर आलेला असतो. पण मग दुपारी जुना कोड नव्या सर्व्हरशी बोलतो. म्हणून सर्व्हरने काही दिवस जुन्या पद्धतीच्या मागण्याही स्वीकारायला हव्यात.

## तुकडा खरंच आधी येतोय का, हे कसं बघायचं?

अंतिम बिल्ड चालवा आणि क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडा. वेग 'स्लो ४जी'वर आणा, परफॉर्मन्स टॅबमधून प्रोसेसर चार पट हळू करा. 'डिसेबल कॅश'ची (ब्राउझरचा साठा वापरू नको, या अर्थाची) खूण काढलेली हवी. ती राहिली तर आधी आणलेला तुकडा पुन्हा उतरताना दिसतो आणि प्रीफेच चालत नाही असा गैरसमज होतो. भावाचं पान पूर्ण दिसल्यानंतरच पट्टीच्या तुकड्याची ओळ आली पाहिजे. प्रीफेच वापरलं असेल, तर प्राधान्याच्या रकान्यात 'लोएस्ट' हवं आणि बटण दाबल्यावर आकाराच्या रकान्यात 'प्रीफेच कॅश'. शेवटी हेच एका स्वस्त फोनवर, वायफाय बंद करून बघा.

तुकडा वेगळा पडलाच नसेल, तर बहुतेक वेळा त्याच फाइलचा साधा इम्पोर्ट दुसरीकडे कुठेतरी असतो. व्हीट बिल्ड करताना तसा इशारा देतं, लोक तो वाचत नाहीत. अनेक घटक एकाच सूचीफाइलमधून पुढे पाठवण्याची सवयही अशीच नडते: एक मागितला की त्याच्यासोबत बाकीचे येतात.

## आमचं ॲप छोटं आहे, तरी हे सगळं करायचं?

नाही. दाबलेला सगळा कोड मिळून शंभर केबीच्या आसपास असेल, तर तुकडे पाडूच नका. प्रत्येक तुकड्यामागे एक वेगळी फेरी आणि फुटण्याची एक वेगळी जागा वाढते. आधी जड लायब्ररी खरंच हवी का ते बघा. पट्टीची पीडीएफ सर्व्हरवर बनवून पाठवली, तर २४० केबीचा तुकडा वीस-तीस केबीवर येऊ शकतो. मग प्रीलोडिंगला बोट टेकल्यावर मिळणारे शंभर मिलिसेकंदही बऱ्यापैकी पुरतात.